प्रवासवर्णनातील भूमी आणि तिचे नाव : न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्याच्या संदर्भात

प्रवासवर्णनाचे मूल्यमापन करताना लेखकाची निरीक्षणशक्ती आणि शैली हे दोन निकष सामान्यतः विचारात घेतले जातात. ज्या भूमीतून प्रवास घडतो ती भूमी स्वतःविषयी काय सांगते, हा तिसरा निकष बहुधा दुर्लक्षित राहतो. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील ताइराफिती हा माओरी परंपरेचा किनारी प्रदेश या निकषाचे महत्त्व स्पष्ट करतो.

ओपोटिकी ते गिझबर्न हा राज्य महामार्ग ३५ सुमारे ३३० किलोमीटरचा आहे. मोटारीतून पाहणाऱ्या लेखकाला हा किनारा ‘निर्जन’, ‘अस्पर्श’ म्हणण्याचा मोह होतो. या मोहाचे मूळ जुने आहे. ऑक्टोबर १७६९ मध्ये जेम्स कुक आजच्या गिझबर्नजवळ उतरला. त्या पहिल्याच भेटीत ते मारो हा माओरी पुरुष गोळीबारात ठार झाला. हवी ती सामग्री न मिळाल्याने कुकने त्या उपसागरास ‘पॉव्हर्टी बे’, म्हणजे दारिद्र्याचा उपसागर, असे नाव दिले. वस्तुतः किवा या पूर्वजाच्या स्मृतीशी निगडित ‘तुरांगानुई-आ-किवा’ हे त्याचे नाव आधीपासूनच प्रचलित होते. प्रवाशाची उणीव अशा रीतीने भूमीचा गुणधर्म ठरली. २०१९ मध्ये दोन्ही नावे एकत्रितपणे अधिकृत झाली आणि त्याच वर्षी १७६९ मधील हत्यांबद्दल ब्रिटनच्या उच्चायुक्तांनी खेद व्यक्त केला.

विटी इहिमाएरा यांच्या ‘द व्हेल रायडर’ (१९८७) या कादंबरीत ही दृष्टी उलटलेली दिसते. फांगारा येथे देवमाशाच्या पाठीवरून आलेल्या पूर्वजाची कथा आणि वारसा नाकारल्या गेलेल्या मुलीचे वर्तमान येथे एकत्र गुंफले आहे. समुद्र हा येथे देखावा नसून नाते आहे. नातेसंबंध वगळून केलेले निसर्गवर्णन किती अपुरे असते, हे या कादंबरीच्या शेजारी ठेवल्यावर जाणवते.

अपुरे वर्णन केवळ कलात्मक दोष नसते. १९८८ च्या बोला चक्रीवादळानंतर धूप थांबविण्यासाठी येथील डोंगरांवर मोठ्या प्रमाणावर पाइनची लागवड झाली. पुढे वृक्षतोडीनंतर उरलेले ओंडके पुरांबरोबर वाहून २०१८ मध्ये टोलागा बेच्या किनाऱ्यावर साचले. २०२३ च्या गॅब्रिएल वादळातही तेच घडले. कारण न जाणणारा प्रवासी या ओंडक्यांना सागराची नक्षी समजून छायाचित्र काढील. येथे सौंदर्यदृष्टीच सत्य झाकून टाकते.

परक्या डोळ्यांचे ताजेपण हे प्रवासवर्णनाचे बळ आहे, हे नाकारता येत नाही. तथापि माओरी प्रथेनुसार पाहुणा माराएच्या प्रवेशद्वारापाशी थांबतो आणि यजमान स्त्रीची हाक आल्यावरच आत पाऊल ठेवतो. प्रवासवर्णनकारानेही काही काळ असे थांबणे आवश्यक आहे. भूमीचे आधीचे नाव विचारल्याविना तिला नवे विशेषण देणारे लेखन, शैली कितीही मनोहर असली तरी, अपूर्णच म्हणावे लागते.