संप्रेषण प्रोटोकॉलचे तौलनिक अभ्यास आणि वऱ्हाडातील शेत : एक चिकित्सा

परस्परांशी जोडलेल्या 'स्मार्ट' उपकरणांच्या प्रोटोकॉलविषयीच्या शोधनिबंधांत एक तक्ता ठरलेला असतो. झिग्बी, लोरावॅन, एमक्यूटीटी, कोॲप आणि एचटीटीपी यांना एकाच रांगेत बसवून वेग, पल्ला व वीजवापराचे आकडे दिले जातात. ही मांडणी मुळातच सदोष आहे. झिग्बी व लोरावॅन हे रेडिओलहरींचे मार्ग होत. उरलेले तीन म्हणजे मार्गावरून जाणाऱ्या संदेशाच्या रीती. प्रत्यक्षात लोरावॅनने गेटवेपर्यंत आलेली नोंद पुढे बहुधा एमक्यूटीटीनेच जाते. रस्ता आणि टपाल यांच्यात विजेता कोण ठरविणार?

वरुड-मोर्शीच्या संत्राबागेतील ओलावामापकाला तासाला चार-सहा बाइटची नोंद पाठवावयाची असते. तेथे झिग्बीच्या सेकंदाला 250 किलोबिट वेगाचे प्रयोजन नाही, उलट 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरी दाट, ओल्या पालवीत लवकर क्षीण होतात. भारतात विनापरवाना खुल्या असलेल्या 865 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील लोरावॅन अधिक दूर पोहोचते. एवढे बहुतेक निबंध सांगतात.

मौन असते ते विजेविषयी. कृषिपंपांच्या वाहिनीवर वीज पाळीने येते. गेटवे तिच्यावरच अवलंबून असेल तर तोही तासन्‌तास बंद राहतो. लोरावॅनवरील मापक सामान्यतः पोच न मागता नोंद पाठवितो. ती अशा वेळी हवेतच विरते. कोॲपच्या 2014 च्या नियमावलीनुसार पोच मागणारा संदेश चार वेळा पुन्हा पाठविला जातो. परंतु मूळ मूल्ये कायम ठेवल्यास दीड मिनिटाच्या आसपास प्रयत्न संपतो. एमक्यूटीटीची निर्मिती 1999 मध्ये उपग्रहामार्गे तेलवाहिन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी झाली. खंडित संपर्क तिने गृहीतच धरला आहे. तथापि तिच्या 'नेमक्या एकदाच' पोचविण्याच्या हमीचा निबंधांतून होणारा गौरव अर्धवट आहे. न पोहोचलेली नोंद जपणे हे पाठविणाऱ्या उपकरणाचे काम. त्यात साठवण नसेल तर हमी कागदावरच राहते. तिची 'अंतिम इच्छा' ही सोय मात्र वऱ्हाडाला खरी उपयोगी : गेटवे गप्प झाल्याची वार्ता मध्यस्थ सर्व्हर स्वतःहून देतो. तक्त्यांत तिला क्वचितच स्थान मिळते.

अकोल्यातील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर क्षारांमुळे मापकाचे वाचनच चुकू शकते, आणि उत्तम प्रोटोकॉल ते चुकीचे वाचन निष्ठेने पोचवितो. म्हणून प्रयोगशाळेतील टेबलावरची तुलना येथे अपुरी पडते. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थेच्या प्रक्षेत्रावर, कृषिवाहिनीच्या दिवस-रात्र पाळ्या पूर्ण होईपर्यंत, किती नोंदी निघाल्या व किती पोहोचल्या याची साधी मोजणी प्रथम व्हावयास हवी.