सूक्ष्मतरंगांद्वारे वीजवहन : कार्यक्षमतेच्या आकड्यांची चिकित्सा

तारेवाचून, सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने विद्युत्‌शक्ती पाठविण्याच्या योजनांचा पुरस्कार करताना प्रथम कार्यक्षमतेचा आकडा पुढे केला जातो. तो आकडा कोणत्या टप्प्याचा आहे, हे मात्र पुष्कळदा अध्याहृतच राहते. खर्चाच्या अंदाजातील प्रमुख दोष येथूनच उद्भवतो.

1975 साली कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे झालेला प्रयोग पाहावा. सुमारे दीड किलोमीटरवर 30 किलोवॉटहून अधिक वीज मिळाली व 82 टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता नोंदली गेली. परंतु ही कार्यक्षमता केवळ ग्राहक जाळीची, म्हणजे तिच्यावर पडलेल्या तरंगांचे एकदिश विजेत रूपांतर करण्याची होती. प्रेषकाची शक्ती सुमारे 450 किलोवॉट होती. तिचा दहावा हिस्साही हाती आला नाही. कारण झोताचा मोठा भाग जाळीबाहेर गेला. याउलट त्याच वर्षी विल्यम ब्राउन यांनी प्रयोगशाळेत आरंभापासून अखेरपर्यंत 54 टक्के कार्यक्षमता सिद्ध केली. आकडा लहान खरा. पण हिशेबास तोच उपयोगी.

आता हीच कसोटी आपल्या परिसरास लावू. सुरगाणा तालुक्यातील दऱ्यांपलीकडे 10 किलोमीटरवरील एका पाड्यास 50 किलोवॉट वीज द्यावयाची आहे, अशी कल्पना करावी. 2.45 गिगाहर्ट्‌झच्या तरंगाची लांबी सुमारे 12.2 सेंटिमीटर. जवळजवळ सर्व झोत पकडावयाचा, तर दोन्ही टोकांस सुमारे 56 मीटर व्यासाच्या अँटेना लागतील. नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय दुर्बिणीची प्रत्येक तबकडीही 45 मीटरचीच आहे! शिवाय ब्राउन यांची कार्यक्षमता येथे साधली असे मानले, तरी 93 किलोवॉट पुरवावे लागतील. 11 किलोव्होल्टच्या साध्या वाहिनीत एवढ्या भारास तारांतील घट एक टक्क्याच्या आसपास राहते. तरंगलांबी कमी केल्यास अँटेना लहान होते. परंतु 10 गिगाहर्ट्‌झच्या पुढे पर्जन्याचा अडथळा जाणवू लागतो, आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाळा नगण्य मानता येत नाही.

येथे मूळ तत्त्व स्पष्ट होते. अँटेनाचा आकार मुख्यतः अंतर व तरंगलांबी यांवर ठरतो. पाठवावयाच्या शक्तीवर नव्हे. म्हणून अल्प मागणीच्या पाड्यास ही पद्धती सर्वांत महाग पडते. 1979 च्या अमेरिकी उपग्रह-आराखड्यात 1 किलोमीटर व्यासाचा प्रेषक व सुमारे 10 गुणिले 13 किलोमीटरची जाळी धरली होती. पण वीज 5,000 मेगावॉट होती. तरीही नासाच्या 2024 च्या अहवालाने अशा दोन उपग्रह-रचनांचा खर्च प्रतियुनिट 0.61 व 1.59 डॉलर काढला, हे विसरता येत नाही.

जेथे खांब उभारणेच अशक्य, तेथे या पद्धतीचा विचार अवश्य व्हावा. मात्र अभ्यासकाने अंदाज मांडताना संपूर्ण साखळीची कार्यक्षमता, अंतरासह अँटेनांचे क्षेत्रफळ, आणि पोहोचलेल्या प्रत्येक किलोवॉटचा खर्च ही तीनही पदे एकत्र द्यावीत. त्यांतील एकच पद देणारा अंदाज कितीही आकर्षक असला, तरी त्याच्या भरवशावर पाड्याचा प्रकाश लांबणीवर टाकणे उचित नव्हे.