मिटलेले दप्तर कोणी उघडावे?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असते. पण एकदा निकाल लागला, की तोच शहाणा माणूस त्या निकालावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. ज्याला शिक्षा झाली त्याने काहीतरी केलेच असले पाहिजे, अशी त्याची समजूत असते. या समजुतीला ‘द थिन ब्ल्यू लाइन’ या अमेरिकन अनुबोधपटाइतका जबर धक्का देणारी दुसरी कलाकृती आमच्या पाहण्यात नाही. एरल मॉरिस यांनी तो १९८८ साली काढला. इतक्या वर्षांनी त्याच्याकडे पुन्हा वळण्याचे कारण असे, की त्यात उभ्या राहिलेल्या प्रश्नाला ज्यांनी उत्तर द्यायला हवे होते, त्यांनी ते फार उशिरा द्यायला आरंभ केला. आणि त्या उत्तराच्या उजेडात या चित्राचे मोठेपण व उणेपण दोन्ही अधिक स्पष्ट दिसू लागतात.

हकीगत थोडक्यात अशी. १९७६ च्या नोव्हेंबरात टेक्सासमधील डल्लस शहरात एका पोलीस शिपायाने रात्री दिवे न लावता चाललेली मोटार अडवली, आणि आतल्या माणसाने त्याला गोळ्या घातल्या. पुढे सोळा वर्षांचा डेव्हिड हॅरिस पोलिसांच्या हाती लागला. मोटार त्यानेच चोरलेली, पिस्तूल त्यानेच आणलेले, आणि आपण शिपायाला मारल्याची फुशारकीही त्याने मित्रांपाशी मारलेली. तरी त्याने बोट दाखवले ते ओहायोहून कामाच्या शोधात आलेल्या रँडल डेल अ‍ॅडम्सकडे. हॅरिस अल्पवयीन, त्याला फाशी होणे शक्य नव्हते. आणि मेला होता तो पोलीस. चित्र या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवते आणि स्वस्थ बसते. १९७७ साली अ‍ॅडम्सला देहान्ताची शिक्षा झाली. १९७९ मध्ये नेमलेल्या दिवसाच्या अवघे तीन दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ती थांबवली. पुढे फाशीची जन्मठेप झाली. माणूस मात्र आतच राहिला.

मॉरिस यांची हातोटी अशी, की ते निवेदकाकरवी एक अक्षरही बोलवत नाहीत. साक्षीदार, पोलीस, न्यायाधीश, बचावाचे वकील एकेक करून समोर बसतात व आपापली कहाणी सांगतात. प्रत्येकाच्या सांगण्यासरशी खुनाचा तोच प्रसंग पडद्यावर पुन्हा घडतो. पण दर वेळी थोडा निराळा. कधी शिपायाची जोडीदारीण मोटारीबाहेर दक्ष उभी असते, कधी आत बसलेली. तिच्या हातचा दुधाच्या शेकचा पेला हवेत उडून रस्त्यावर आपटतो. फिलिप ग्लास यांचे फिरून फिरून त्याच स्वरांवर येणारे संगीत मागे वाजत राहते. ही नाटकी मांडणी अनुबोधपटाला शोभत नाही, असा आक्षेप त्या काळी पुष्कळांनी घेतला. आम्हांला तो मान्य नाही. हे प्रसंग ‘असे घडले’ म्हणून दाखवलेले नाहीत. ‘असे सांगितले गेले’ म्हणून दाखवले आहेत. साक्ष ही वस्तुस्थिती नव्हे, ती सांगणाऱ्याची कृती होय, हे तत्त्व कायद्याच्या जाड ग्रंथापेक्षा तो उडणारा पेला अधिक ठसवतो. एक साक्षीदार बाई ओळखपरेडीत आपण भलत्याच माणसाला निवडले आणि खरा कोण ते पोलिसाने सांगितले, असे कॅमेऱ्यासमोर सहज बोलून जाते, तेव्हा अंगावर काटा येतो. शेवटी पडद्यावर उरते ती फक्त एक ध्वनिमुद्रण-पेटी. तिच्यातून हॅरिसचा आवाज येतो, आणि अ‍ॅडम्स निर्दोष आहे हे आपल्याला कसे ठाऊक, ते तो जवळजवळ उघडच सांगतो.

चित्राने इतिहास घडवला. १९८९ साली टेक्सासच्या वरिष्ठ फौजदारी न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्याच साक्षीदार बाईने आरंभी खुन्याचे वर्णन निराळेच केले होते आणि तो कागद सरकार पक्षाने बचावापासून दडवला होता, असे न्यायालयाला आढळले. बारा वर्षांवर काळ तुरुंगात काढून अ‍ॅडम्स सुटला. हॅरिसला पुढे दुसऱ्या एका खुनासाठी २००४ साली देहान्त मिळाला.

आता उणेपण. या चित्रात एक खुर्ची रिकामी आहे. ज्याने खटला चालवला तो सरकारी वकील मुलाखत देणाऱ्यांत नाही. पोलीस म्हणजे समाज आणि अराजक यांमधली बारीक निळी रेघ, हे शीर्षकातले वाक्य त्याच्या भाषणातले. पण ते आपण न्यायाधीशाच्या तोंडून ऐकतो. एक वकील त्या शहरातला जुना विनोद सांगतो : अपराध्याला दोषी कोणीही ठरवील, निरपराध्याला दोषी ठरवायला थोर वकील लागतो. प्रेक्षक चरकतो, आणि सरकारी वकील हा खलपुरुष एवढ्यावर त्याचे समाधान होते. हे समाधान फसवे आहे. दुष्ट माणसाने केलेला अन्याय दूर करायला चांगला माणूस पुरतो. पण दप्तर मिटले की विचार संपला असे मानणाऱ्या कचेरीने केलेला अन्याय दूर करायला कचेरीच बदलावी लागते. शिवाय प्रत्येक अ‍ॅडम्सच्या वाट्याला एक मॉरिस येत नाही.

हे ज्याला उमगले तो माणूस त्याच कचेरीत पुढे आला. क्रेग वॉटकिन्स हे २००७ साली डल्लसचे मुख्य सरकारी वकील झाले. टेक्सासमध्ये त्या पदावर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. त्याच वर्षी त्यांनी जुन्या शिक्षांची फेरतपासणी करणारा स्वतंत्र विभाग उघडला, आणि शेकडो प्रकरणे कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे तपासणीस ठेवली. डल्लसने जुने जैविक नमुने फेकून न देता जपून ठेवले होते, म्हणून डीएनए चाचणी शक्य झाली आणि दशके आत काढलेली माणसे बाहेर आली. पाठोपाठ इतर शहरांतूनही असे विभाग निघाले. कॅलिफोर्नियाने तर २०१८ साली कायदाच केला, की गुन्हा खरा असला तरी शिक्षा आज अवाजवी वाटत असेल, तर सरकारी वकिलाला स्वतः न्यायालयाकडे ती कमी करण्याची मागणी करता यावी. दोषाइतकेच मापही तपासावे, हा विचार त्यात आहे.

आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. आपल्याच चुका आपणच तपासणे म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःचा पेपर तपासण्यासारखे. माणूस बदलला की विभाग निस्तेज होतो. आणि मृताच्या आप्तांच्या जखमेवरची खपली निघते. हे सारे खरे. पण खोट्या माणसाला झालेली शिक्षा त्या आप्तांनाही फसवतेच. आणि दडवलेला कागद ज्या कपाटात असतो, त्याची किल्ली त्या कचेरीपाशीच असते.

हा प्रश्न परदेशाचा म्हणून सोडून देता येत नाही. महाराष्ट्रातल्या २००३ सालच्या एका खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली वा सुनावली. आणि २०१९ साली त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली. घटनेनंतर लगेच एका साक्षीदाराने छायाचित्रांवरून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्या दिशेने तपासच झाला नव्हता. तो कागद सरकारी दप्तरातच होता. विधी आयोगाने २०१८ साली चुकीच्या खटल्यांच्या भरपाईवर अहवाल दिला. पण भरपाई म्हणजे फेरतपासणी नव्हे. पोर्तुगालच्या कायद्यात सरकार पक्षालाही दोषी ठरलेल्याच्या बाजूने अंतिम निकालाचे पुनर्विलोकन मागता येते. १९६१ पर्यंत पोर्तुगीज न्यायालये पाहिलेल्या गोमंतकाला तरी ही कल्पना परकी वाटू नये.

रामशास्त्र्यांची थोरवी आपण गातो ती सत्ताधीशाला दोषी म्हणण्याच्या धैर्याबद्दल. आपणच मागितलेली शिक्षा चुकली, असे म्हणण्याचे धैर्य त्याहून कमी नाही. त्याचे पोवाडे मात्र कोणी रचलेले नाहीत. मॉरिस यांनी एकच रात्र पुन्हा पुन्हा दाखवली. त्यांनी कॅमेऱ्याने केले ते काम खरे पाहता त्या रिकाम्या खुर्चीचे होते.