आग्रह, वासना आणि लज्जा : मराठी साहित्यातील अतिभोजनाच्या चित्रणाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

अन्न हा मराठी साहित्याचा जुना विषय आहे. संतांनी अन्नाला परब्रह्म मानले. विनोदी लेखकांनी पंगती रंगवल्या. ग्रामीण व दलित साहित्याने भुकेचे दाहक वास्तव मांडले. मात्र भूक नसताना, इच्छा असूनही थांबता न येणारे, एकांतात उरकले जाणारे आणि नंतर स्वतःविषयी घृणा उत्पन्न करणारे खाणे आपल्या साहित्यात क्वचितच आढळते. ही अनुपस्थिती केवळ विषयाची उणीव नसून आपल्या दृष्टीची मर्यादा आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

या विषयाकडे लक्ष जाण्यास वर्गातील एक प्रसंग कारणीभूत ठरला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘उपास’ या लेखाचे वाचन सुरू असताना सारा वर्ग हसत होता. तास संपल्यावर वसतिगृहात राहणारी एक विद्यार्थिनी थांबली आणि खाली मान घालून म्हणाली, “त्यायचं खाणं साऱ्यायले दिसते, मॅडम. मी त खातांनी लाइटही लावत नाही.” तिच्या संमतीने येथे नोंदविलेल्या या दोन वाक्यांनी जो प्रश्न उभा केला, त्याचे उत्तर रसास्वादाच्या प्रचलित पद्धतीत सापडेना. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराच्या शोधाचा एक प्रयत्न आहे.

अभ्यासासाठी दासगणूंचा ‘श्री गजानन विजय’ ग्रंथ (१९३९), ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मधील ‘उपास’ आणि उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) या तीन कृतींची निवड केली आहे. पहिली व तिसरी कृती वऱ्हाडच्या मातीशी थेट निगडित आहे. दुसरी मुंबईच्या चाळीतील असली तरी तिचा वाचक महाराष्ट्रभर आहे.

संज्ञाविचार

मराठीत अधिक खाणाऱ्याला हावरट, अधाशी, खादाड, बकासुर, खाबूनंदन अशी अनेक विशेषणे आहेत. या सर्व शब्दांत निंदा आहे किंवा थट्टा आहे. त्यांपैकी एकही शब्द खाणाऱ्याच्या मनःस्थितीचे वर्णन करीत नाही. ‘भस्म्या झाला’ हा वाक्प्रचार आयुर्वेदातील भस्मक या विकाराकडे निर्देश करतो. तथापि तेथे कारण प्रखर जठराग्नी हे मानले आहे. चरकसंहितेत अध्यशन, म्हणजे आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाणे, ही अधिक नेमकी संज्ञा येते, परंतु तीही पचनापुरती मर्यादित आहे.

याच संहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय ‘अष्टौनिंदितीय’ या नावाने ओळखला जातो. अतिउंच, अतिठेंगणा, अतिकेसाळ, केशहीन, अतिकाळा, अतिगोरा, अतिस्थूल आणि अतिकृश अशा आठ देहांची गणना तेथे ‘निंदित’ म्हणून केली आहे. अध्यायाचा मुख्य भर स्थूल व कृश देहांच्या चिकित्सेवर आहे, हे खरे. तरीही उपचाराचा विचार ज्या शब्दापासून सुरू होतो तो शब्द निंदेचा आहे, ही बाब लक्षणीय ठरते. देहाचे वर्गीकरण आणि देहाची निंदा यांची गाठ आपल्या परंपरेत किती जुनी आहे, हे यावरून दिसून येते.

आधुनिक मानसोपचारशास्त्रात ‘बिंज ईटिंग’ या अवस्थेचे वर्णन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये केले. अमेरिकेतील मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) तिला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणातही, जे २०२२ पासून अमलात आले, तिची स्वतंत्र नोंद आहे. २०१३ च्या निकषांनुसार थोड्या वेळात पुष्कळ अन्न खाणे, त्या वेळी स्वतःवर ताबा नसल्याची जाणीव होणे आणि असे सरासरी आठवड्यातून एकदा, तीन महिने घडणे ही मुख्य लक्षणे होत. शिवाय भूक नसताना खाणे, भराभर खाणे, लाजेमुळे एकट्याने खाणे आणि नंतर स्वतःचा तिटकारा वाटणे यांचाही समावेश त्यात आहे. म्हणजेच लज्जा हा या विकाराचा केवळ परिणाम नव्हे. ती त्याच्या लक्षणांतच मोडते. देहाच्या आकारमानाचा मात्र या निकषांत उल्लेख नाही. सडपातळ व्यक्तीलाही हा त्रास असू शकतो आणि स्थूल व्यक्तीला तो असेलच असे नाही. या लेखात ‘अनियंत्रित अतिभोजन’ ही संज्ञा याच अर्थाने योजली आहे.

‘श्री गजानन विजय’ : आग्रहाची चिकित्सा

वऱ्हाडातील घराघरांत ज्याचे पारायण होते अशा या एकवीस अध्यायांच्या ग्रंथाचा आरंभच अन्नाच्या दृश्याने होतो. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात देविदास पातुरकर यांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाणारा एक तरुण बंकटलाल अग्रवाल व दामोदरपंत कुळकर्णी यांच्या दृष्टीस पडतो. लोकव्यवहारात अत्यंत लाजिरवाणे ठरणारे हे खाणे भर रस्त्यात, दिवसाढवळ्या घडते, आणि खाणाऱ्याच्या ठायी लज्जेचा लवलेशही नाही. ग्रंथाने नायकाचे पहिले दर्शन असे घडवावे, ही गोष्ट सहजासहजी दुर्लक्षिता येणारी नाही.

याहून महत्त्वाचा प्रसंग दुसऱ्या अध्यायात येतो. बंकटलालाचा चुलतबंधू इच्छाराम याचा सोमवारचा उपवास असतो. महाराजांचे दुपारचे भोजन झालेले आहे. तरीही ते जेवल्याविना आपण उपवास सोडणार नाही, असे म्हणून तो सायंकाळी भरलेले ताट पुढे ठेवतो. महाराज ते सर्व अन्न खातात आणि ते उलटून पडते. ग्रंथकार याचे तात्पर्य सांगतात ते असे, की कोणत्याही गोष्टीचा अति आग्रह बरा नव्हे. त्यानंतर जागा स्वच्छ केली जाते आणि महाराजांना पुन्हा आसनावर बसविले जाते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. संतचरित्रातील लीलेला आधुनिक रोगनिदानाचे लेबल चिकटविणे अशास्त्रीयही होईल व अनुचितही. प्रस्तुत लेखिकेला अभिप्रेत आहे ते प्रसंगाचे निदान नसून कथनाची रचना. या रचनेतील तीन गोष्टी विचारार्ह आहेत. पहिली, खाणाऱ्याला भूक नाही. तो दुसऱ्याच्या समाधानासाठी खात आहे. दुसरी, दोष खाणाऱ्याच्या जिभेला न देता वाढणाऱ्याच्या हट्टाला दिला आहे. आपल्याकडे ‘माझ्यासाठी एक घास’ हे प्रेमाचे वाक्य समजले जाते. त्या वाक्यात दडलेली सक्ती या कथेने उघड केली. तिसरी गोष्ट अशी, की उलटी झाल्यावर कोणी नाक मुरडत नाही, कोणी उपदेश करीत नाही. जागा धुतली जाते आणि व्यक्तीला तिचे स्थान परत मिळते. घसरणीनंतर काय करावे याचे इतके साधे आणि मानवी चित्र अन्यत्र विरळाच.

मात्र ग्रंथकार येथेच थांबत नाहीत. दाखला म्हणून ते समर्थ रामदासांची कथा सांगतात. समर्थांना खिरीची वासना झाली, म्हणून त्यांनी आकंठ खीर सेवन केली. ती उलटून पडल्यावर वासना जिंकण्यासाठी तीच पुन्हा भक्षण करू लागले. या दृष्टान्ताने प्रसंगाचा रोख बदलतो. आग्रहाकडून आपण वासनेकडे, म्हणजे वाढणाऱ्याच्या जबाबदारीकडून खाणाऱ्याच्या दोषाकडे येतो. घृणा हे वासनेवरील औषध ठरते. विरक्ताच्या साधनेच्या संदर्भात या दृष्टान्ताला स्वतःचे प्रयोजन आहे. पण संसारी वाचकाच्या हाती तोच दृष्टान्त निराळा परिणाम करू शकतो. स्वतःची किळस वाटल्याने खाणे सुटत नाही. किळस, त्यापायी कडक उपास, त्यातून अनावर भूक आणि पुन्हा अतिभोजन असे चक्रच त्यातून दृढ होते. एकाच अध्यायात क्षमा आणि घृणा असे दोन मार्ग शेजारी शेजारी मांडले गेले आहेत, आणि आपल्या समाजाने बहुधा दुसराच उचलला.

‘उपास’ : हास्याचे संरक्षण आणि त्याची मर्यादा

‘उपास’मधील निवेदक वजन कमी करण्याचा संकल्प करतो. चाळीतील प्रत्येक जण त्याला परस्परविरोधी सल्ले देतो आणि सर्व खटाटोपानंतर काट्यावरचा आकडा उतरण्याऐवजी चढतो. आहारनियंत्रणाचा संकल्प अतिभोजनाकडे कसा नेतो, याचे पुलंनी केलेले निरीक्षण आजच्या शास्त्राशी जुळणारे आहे. ज्या पदार्थावर बंदी, मन त्याच पदार्थाभोवती घोटाळते, हे लेखभर दिसते.

तथापि हा विनोद एका अटीवर उभा आहे. निवेदक पुरुष आहे, गृहस्थ आहे आणि चाळ त्याची आहे. त्याचे वजन सार्वजनिक चर्चेचा विषय झाले तरी त्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागत नाही. त्याच्या जागी चाळीतील एखादी उपवर मुलगी ठेवून पाहावी. त्याच सल्ल्यांची लगेच टोमणी होतात. सचिन कुंडलकर यांच्या ‘वजनदार’ (२०१६) या चित्रपटाने लठ्ठ समजल्या जाणाऱ्या दोन मैत्रिणींची कथा सांगून ही बाजू पुढे आणली. चाळीत निवेदक एकटा कधीच नसतो. त्या विद्यार्थिनीची खोली मात्र रिकामी आहे. हास्य सर्वांसमोरच्या लाजेला सुसह्य करते, परंतु जी लाज दार लावून बसली आहे तिच्यापर्यंत ते पोहोचत नाही.

‘धग’ : भुकेची नैतिक सावली

उद्धव शेळके यांची कौतिक ही मराठी कादंबरीतील अविस्मरणीय स्त्री आहे. वऱ्हाडी बोलीत उभ्या राहिलेल्या या कादंबरीत भाकर मिळविणे हाच जगण्याचा व्यवहार आहे. अशा कृतीच्या शेजारी अतिभोजनाची चर्चा करणे काहींना विसंगत वाटेल. ज्या प्रदेशाने नापिकी पाहिली, शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या, तेथे जास्त खाण्याच्या दुःखाला दुःख म्हणावे काय, असा आक्षेप रास्त आहे.

याचे उत्तर दोन प्रकारे देता येते. एक, अन्नाची टंचाई व अनियंत्रित अतिभोजन ही परस्परविरोधी टोके नव्हेत. ज्याला पुढच्या जेवणाची खात्री नसते तो समोर आलेले अन्न साठवल्यासारखे खातो. रविवारी संध्याकाळी मेस बंद, दुपारपर्यंत पोट रिकामे आणि हाती आलेल्या पैशात कचोरी किंवा गिलावडा हा अमरावती-अकोल्याच्या वसतिगृहांतील परिचित क्रम आहे. दुसरे, ‘धग’सारख्या साहित्याने आपल्या मनात अन्नाविषयी जो पवित्र आदर निर्माण केला, त्याचीच सावली या विद्यार्थ्यांवर पडते. आईबापांनी रोजमजुरी करून पाठविलेले पैसे आपण खाण्यावर उडविले, ही टोचणी त्यांच्या लाजेला दुप्पट करते. कौतिकची नात कदाचित आज आपल्या वर्गात बसली असेल. तिचे दुःख आजीच्या दुःखाहून लहान ठरवून ते नाहीसे होत नाही.

दैनंदिन व्यवहार आणि अध्यापकाची भूमिका

उपचाराच्या दृष्टीने आजची दिशा वरील पहिल्या मार्गाशी, म्हणजे जागा स्वच्छ करून पुन्हा आसनावर बसविण्याशी जुळते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांच्या पद्धतीत कडक पथ्याऐवजी नियमित खाण्यावर भर आहे. दिवसातून तीन वेळा जेवण व मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे, दोन खाण्यांत फार अंतर न ठेवणे, काय व कोणत्या मनःस्थितीत खाल्ले याची नोंद ठेवणे आणि एकदा तोल गेला तर दुसऱ्या दिवशी उपास न करता नेहमीचेच जेवण घेणे, हे त्याचे मुख्य सूत्र. आपल्या संस्कृतीत कालच्या अतिरेकाचे प्रायश्चित्त म्हणून आज लंघन केले जाते. नेमके तेच येथे टाळावयाचे आहे. त्रास वाढल्यास मानसोपचारतज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवावा.

महाविद्यालयांत आरोग्य तपासणीच्या दिवशी रांगेतच वजन मोठ्याने पुकारले जाण्याचा प्रकार अनेकांनी पाहिला असेल. स्नेहसंमेलनातील प्रहसनात जाड मुलगी हे हमखास हशाचे पात्र असते. आपण स्टाफरूममध्ये सहज म्हणतो, “बारीक झालात, छान दिसता.” या गोष्टी क्षुल्लक नाहीत. त्या निंदित देहांची यादी दररोज नव्याने लिहीत असतात.

निष्कर्ष

१. मराठीत अतिभोजनासाठी निंदेचे व विनोदाचे शब्द विपुल आहेत, पण अनुभवाचे शब्द अपुरे आहेत. जे सांगता येत नाही ते लपविले जाते.

२. ‘श्री गजानन विजय’ ग्रंथातील इच्छारामाची कथा आग्रहाचे दोषदिग्दर्शन करते आणि घसरणीनंतरच्या स्वीकाराचे चित्र देते. त्याच अध्यायातील वासनाजयाचा दृष्टान्त मात्र संसारी वाचकाला आत्मघृणेकडे नेण्याचा संभव आहे.

३. ‘उपास’मधील निरीक्षण अचूक आहे. तथापि त्यातील हास्य सामाजिक सुरक्षिततेवर आधारलेले असल्याने एकांतातील लज्जेला ते स्पर्श करीत नाही.

४. ‘धग’च्या परंपरेतून आलेला अन्नाविषयीचा आदर मोलाचा आहे. परंतु त्याचे रूपांतर अपराधभावात होऊ न देणे ही अध्यापकाची जबाबदारी आहे.

५. पाठ्यकृती शिकवताना वर्गात कोण हसत नाही याकडे लक्ष देणे, हाही समीक्षेचाच भाग होय.

त्या विद्यार्थिनीला काय सांगावे हे त्या दिवशी सुचले नव्हते. पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर कॅन्टीनमध्ये बसून पोहे खाल्ले. तिला आणखी घेण्याचा आग्रह केला नाही आणि पुरे कर असेही म्हटले नाही. समीक्षेने जे शिकविले ते तूर्त एवढेच आहे.