कमानीपुढची माणसे

दिवाळीच्या दिवसांत एक पहाट अशी येते, की त्या दिवशी अवघे घर सूर्याच्या आधी उठते. नरकचतुर्दशीला अंगाला उटणे लागेपर्यंत डोळ्यांवरची झोप जात नाही, आणि फराळाच्या ताटाशी बसेपर्यंत कोणी कोणाशी धड बोलत नाही. परंतु त्या वेळी घरातल्या माणसांचे चेहरे पाहावेत! रात्रभराच्या विश्रांतीने ते कोरे झालेले असतात. दिवसाचा मुखवटा अजून चढलेला नसतो. सूर्योदयापूर्वीच्या चेहऱ्याला एक निराळाच खरेपणा असतो, हे आपल्याला वर्षातून एकदा तरी कळते.

अलीकडे आणखी एका निमित्ताने माणसे सूर्याआधी उठू लागली आहेत. लग्न ठरलेली मुलगी आणि मुलगा, त्यांच्यासोबत छायाचित्रकार, त्याचा मदतनीस आणि कपड्यांच्या दोन-तीन बॅगा, असा लवाजमा पहाटे एखाद्या प्रसिद्ध वास्तूपुढे जाऊन उभा राहतो. आग्र्याला ताजमहाल, मुंबईला गेटवे ऑफ इंडिया. मुले याला ‘प्री-वेडिंग’ म्हणतात. गेल्या जानेवारीत माझ्या भाचीच्या अशा एका स्वारीत मीही होतो. लग्नात मामाने भाचीच्या पाठीशी उभे राहायचे, ही आपली रीत. मी समोर उभा होतो, हातात प्रकाश परतवणारी चंदेरी तबकडी धरून. त्या पहाटेची छायाचित्रे पुढे अल्बम होऊन घरी आली. पुस्तकांवर टीका लिहिणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या पुस्तकाची पाने घरातले लहानथोर सर्वजण सर्वात अधिक वेळा उलटतात, त्या अल्बमवर कोणी लिहीत नाही. ते काम आज मी अंगावर घेतले आहे.

आधी जागेविषयी. गेटवेचे तोंड पूर्वेला, बंदराकडे. आपण उभे राहतो ते त्याच्या पाठीमागच्या फरसबंद आवारात, म्हणजे पश्चिमेला. त्यामुळे सूर्य उगवतो तो कमानीच्या मागून. तो वर आला, की कमान काळवंडते, तिच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर सावली येते आणि आकाश मात्र डोळे दिपवू लागते. म्हणूनच छायाचित्रकाराला घाई असते. सूर्य क्षितिजाखाली 6 अंशांपर्यंत वर चढला, की आकाशातून एक मऊ, बिनसावलीचा उजेड झिरपू लागतो. मुंबईला जानेवारीत तेथपासून सूर्योदयापर्यंत 23-24 मिनिटे मिळतात, अधिक नाहीत. या अवधीत निळे आकाश, आवारातल्या दिव्यांचा पिवळा उजेड आणि माणसाच्या चेहऱ्याची कांती यांचे वजन जवळजवळ सारखे होते. कोणी कोणाला झाकीत नाही. दिवसाच्या इतर प्रहरी ही तडजोड क्वचितच घडते. आमची मंडळी त्या चोवीस मिनिटांसाठी डोंबिवलीहून साडेतीनला निघाली होती.

अल्बम आला. देखणा होता, यात शंका नाही. पहिल्या पानावर ती भव्य कमान, खाली ओलसर चमकणारी फरशी, तीत कमानीचे प्रतिबिंब आणि मध्यभागी ही दोघे. भाचीच्या निळ्या झग्याचा घोळ दहा हात मागे पसरलेला. आसपास चिटपाखरू नाही. दुसरे पान तसेच, तिसरे तसेच. माझी आई चष्मा पुसून पुसून पाहत होती. शेवटी तिने विचारले, “अगं, इथली माणसं कुठं गेली? बंद होतं का त्या दिवशी?”

“आजी, माणसं नसतात म्हणून तर त्या वेळी गेलो,” भाची म्हणाली.

आई काही बोलली नाही. उठून तिने कपाटातून पोस्टकार्डाएवढे एक छायाचित्र आणले. 1983 साली गेटवेवरच काढलेले. त्या काळी तेथे गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारे छायाचित्रकार पुष्कळ असत. ते छायाचित्र काढीत, पत्ता लिहून घेत आणि पुढे ते पोस्टाने घरी येई. नंतर त्यांनी जागच्या जागी छापून देणारी यंत्रे आणली, आणि मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आल्यावर त्यांचे गिऱ्हाईक आटत गेले. तर या छायाचित्रात माझे वडील ताठ उभे आहेत, आईच्या कडेवर मी आहे, आणि माझी बहीण, म्हणजे या भाचीची आई, वडिलांचे बोट धरून भलतीकडेच पाहते आहे. रंग उडून सारे तांबूस झाले आहे. आईचे डोळे बारीक झाले आहेत, कारण ऊन समोरून आहे. अर्थात सूर्य पश्चिमेला आहे, म्हणजे दुपार कलली आहे. चित्रात घड्याळ नाही, पण वेळ आहे. आणि वडिलांच्या खांद्यामागे एक अनोळखी गृहस्थ गांधी टोपी घालून शेंगदाणे खात आमच्याकडे टक लावून पाहत आहेत. त्यांना आमच्या घरात आजही ‘टोपीवाले काका’ म्हणतात. आईवडिलांचे दोघांचे मिळून असे हे एकच छायाचित्र आहे. वडील जाऊन आता नऊ वर्षे झाली.

ही दोन चित्रे शेजारीशेजारी ठेवली आणि माझ्या मनात जी टीका तयार झाली, ती अशी. आपल्या रसशास्त्रात आलंबन आणि उद्दीपन असे विभावांचे दोन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्या ठायी भाव जडतो ते आलंबन. तो भाव फुलवणारे चांदणे, वारा, उपवन हे उद्दीपन. प्रेमिकांच्या चित्रात माणूस आलंबन आणि वास्तू उद्दीपन असायला हवी. नव्या अल्बममध्ये याच्या उलट झाले आहे. 83 फुटांची ती कमान पूर्ण मावावी म्हणून छायाचित्रकार दूर गेला, आणि माणसे बोटभर उरली. गेटवेवरच्या त्या जुन्या छायाचित्रकाराला रसशास्त्र ठाऊक नसेल, परंतु तो गिऱ्हाइकाला कमानीपासून दूर आणि कॅमेऱ्याजवळ उभे करी. त्यामुळे माणसे मोठी राहत आणि कमान त्यांच्या डोक्यामागे निमूटपणे मावे. पैसे माणसाचे घेतले आहेत, कमानीचे नव्हे, हे तो विसरला नव्हता.

परंतु वास्तूला पडदा करण्याची खोड आजची नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती 1854 साली. त्यानंतर थोड्याच वर्षांनी विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांची छायाचित्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली, 1863 आणि 1866 मध्ये. त्यांतल्या अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि मागचा देखावा दुसऱ्या काचेवरून आणून जोडलेला आहे. ती माणसे त्या जागी उभीच राहिली नव्हती. पुढे गावोगावच्या स्टुडिओंत रंगवलेले राजवाडे, कारंजी, जिने आले. त्यांच्यापुढे आपले पणजोबा खुर्चीत बसले. खुद्द गेटवेची कथा तरी काय? पंचम जॉर्ज 1911 च्या डिसेंबरात अपोलो बंदरावर उतरला तेव्हा ही वास्तू नव्हतीच; तेथे पुठ्ठ्याचा देखावा उभा केला होता. पायाचा दगड 1913 साली बसला, जॉर्ज विटेटचा आराखडा 1914 साली मंजूर झाला, आणि ज्याच्या स्वागतासाठी ही कमान, तो येऊन गेल्यानंतर तेरा वर्षांनी, 4 डिसेंबर 1924 रोजी तिचे उद्घाटन झाले. जिचा जन्मच देखावा म्हणून झाला, तिला पडदा केल्याबद्दल माझ्या भाचीला मी किती दोष द्यावा?

तथापि एवढे मात्र खरे, की दगडाचा पडदा पुढे साक्षीदार होतो. 28 फेब्रुवारी 1948 रोजी याच कमानीखालून अखेरची ब्रिटिश पलटण गेली. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत किती लग्नाळू, किती शाळेच्या सहली, मुंबई पाहायला आलेली किती कुटुंबे तिच्यापुढे उभी राहून गेली. कमानीचा अर्थ आता त्या माणसांनी केला आहे. त्यांना पुसून टाकलेली कमान म्हणजे पुन्हा पुठ्ठ्याचीच कमान. हा माझा निष्कर्ष मी मोठ्या समाधानाने भाचीला ऐकवला.

तिने तो ऐकून घेतला. मग म्हणाली, “मामा, दोन वर्षं आम्ही दादरच्या पुलावर भेटलो. उभं राहायला जागा नाही. हातात हात घेतला तर दहा जण वळून बघतात. त्या दिवशी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या जागेत आम्ही दोघंच होतो. तुम्हाला ते रिकामं दिसतं. मला नाही दिसत.”

वाचकहो, टीकाकाराला असे उत्तर मिळाले, की त्याने लेखणी खाली ठेवून पुन्हा पुस्तक उघडावे. मी तेच केले. मला जो खोटेपणा वाटला होता, तो तिच्या दृष्टीने मिळवलेला एकांत होता. 1983 साली माझ्या आईवडिलांना गर्दी खुपली नाही. किंवा खुपली असेल, पण तिच्यावाचून दुसरे काही मागता येते हे त्यांना ठाऊक नव्हते. या मुलीने मागितले, आणि त्यासाठी रात्रीची झोप मोडली. तेव्हा माझी तक्रार मी बदलतो. चित्रात माणसे नाहीत, हा दोष नव्हे. हा एकांत कष्टाने मिळाला आहे, याची एकही खूण चित्रात नाही, हा दोष. साडेतीनची गाडी कोठे दिसत नाही, थंडी दिसत नाही, जांभई दिसत नाही. पहाटेचे ते कोरे चेहरे रंगरंगोटीने झाकून टाकल्यावर पहाटेला जायचेच कशाला? तो प्रकाश चेहऱ्यासाठी होता. त्यांनी तो फरशीवर खर्च केला.

छायाचित्रकाराने दिलेल्या साऱ्या चित्रांत, म्हणजे निवडीत न आलेल्यांतही, मी एक दिवस शोधत बसलो. तेथे एक सापडले. काम संपल्यावर भाची पायऱ्यांवर टेकली आहे. सँडल काढून बाजूला ठेवले आहेत, झग्यावर माझा मफलर गुंडाळला आहे, हातात कागदी पेल्यात चहा आहे. होणारा नवरा झग्याचा घोळ ओल्या फरशीवर लागू नये म्हणून दोन्ही हातांत गोळा करून उभा आहे, जणू धुण्याची मोटच. मागे झाडणारी बाई लांब झाडूवर हात ठेवून क्षणभर थांबली आहे आणि या दोघांकडे पाहून हसते आहे. कमानीचा केवळ एक खांब चित्रात आला आहे. कमान कापली गेली आणि झाडू आला, म्हणून हे चित्र अल्बमबाहेर राहिले. पण त्या 23-24 मिनिटांचा उजेड जर कोठे सत्कारणी लागला असेल, तर तो या मुलीच्या चेहऱ्यावर. गर्दी नाही, एकांत आहे; आणि तो एकांत ज्या बाईच्या झाडूने लख्ख झाला, तीही आहे.

“शी, किती गबाळी दिसते मी!” एवढेच भाची म्हणाली, अल्बममध्ये ते घ्यायला ती तयार झाली नाही. मी ते पोस्टकार्डाएवढे छापून घेतले आणि आईला दिले. तिने ते 1983 च्या चित्राशेजारी लावले, बराच वेळ पाहिले, आणि झाडूवाल्या बाईवर बोट ठेवून विचारले, “टोपीवाल्या काकांसारखं हिला आपण काय म्हणायचं?”

या दिवाळीत घरोघरी जुने अल्बम निघतील, नव्यांची भर पडेल. त्यांत जी चित्रे तुम्ही बाजूला काढून टाकली आहेत, ती एकदा पुन्हा पाहावीत, एवढीच या टीकाकाराची विनंती.