ब्याण्णव टक्क्यांच्या मागे राहिलेले वाक्य

जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात गडचिरोली जिल्ह्यातील एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. त्यातला एक आकडा पुढे जगभर गाजला : ९२ टक्के स्त्रियांना किमान एक तरी स्त्रीरोग होता. आम्हीही हा आकडा अनेकदा सांगितला आहे. निबंध पुन्हा वाचताना मात्र वाटते, की या आकड्याने बाकीच्या मजकुरावर अन्यायच केला.

तपासलेल्या स्त्रियांपैकी ४५ टक्क्यांची काहीच तक्रार नव्हती. पूर्वी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. दवाखान्यात येणाऱ्यांचीच मोजदाद केली असती, तर हे सारे दुखणे कागदावर आलेच नसते. निबंधाचे खरे मोठेपण या पद्धतीत आहे. ९२ हा आकडा दोन गावांचा. तो साऱ्या ग्रामीण भारताचा म्हणून सांगणे ही सांगणाऱ्यांची चूक, लिहिणाऱ्यांची नव्हे.

आता ते मागे राहिलेले वाक्य. स्त्रियांसाठीची गर्भनिरोधक साधने आणि स्त्रीरोग यांचा संबंध आढळला, पण त्याने एकूण रोगांच्या लहानशाच भागाचा उलगडा होतो, असे लेखक सांगतात. विज्ञान शिकवताना फळ्यावर लिहावे असे हे वाक्य आहे. संबंध दिसला की कारण सापडले, अशी उडी त्यांनी मारलेली नाही. एकाच वेळी केलेल्या पाहणीत आधी काय आणि नंतर काय, हे कळणेही कठीणच.

तरीही आमची एक तक्रार आहे. निष्कर्ष सांगताना स्त्रियांची सगळी साधने एकाच मोळीत बांधली जातात. शस्त्रक्रिया, तांबी आणि गोळी यांचे शरीरातील काम मुळात वेगवेगळे. स्त्रीरोगांचा विचार करताना हे कदाचित चालून जाईल; डोकेदुखीचा विचार करताना मुळीच चालत नाही. डोकेदुखी त्या निबंधाचा विषय नव्हता, हे मान्य. पण मोळी सोडली नाही तर काय हुकते, ते अर्धशिशीच्या उदाहरणाने चांगले कळते.

अर्धशिशी स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळते. पाळीच्या आधी शरीरातील इस्ट्रोजेन उतरते आणि अनेकींचे डोके तेव्हाच उठते. सरकारी 'माला-एन'च्या पाकिटात २८ गोळ्या असतात : २१ संप्रेरकांच्या, ७ लोहाच्या. लोहाच्या आठवड्यात इस्ट्रोजेन एकदम बंद होते. त्या दिवसांत डोके दुखले, तर बाई लोहाच्या गोळीला दोष देते. (काळवेळ जुळली की दोषी सापडलाच, असे आपण सारेच मानतो.)

याहून गंभीर बाब निराळीच आहे. काही जणींना डोके दुखण्याआधी पाच मिनिटे ते तासभर डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात, दृष्टीचा एखादा भाग पुसला जातो किंवा हाताला मुंग्या येतात. याला 'ऑरा' म्हणतात. ऑरा असणाऱ्यांत मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद होऊन लकवा येण्याचा धोका मुळातच थोडा जास्त असतो. गोळीतील इस्ट्रोजेन रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवते. दोन्ही एकत्र नकोत, म्हणून जागतिक आरोग्य संघटना अशा स्त्रियांना, वय कितीही असो, इस्ट्रोजेनची गोळी देऊ नये असे सांगते. ऑरा नसलेल्या अर्धशिशीत ३५ वर्षांखालील स्त्रियांना गोळी सहसा सुरू करता येते. त्यानंतर मात्र सहसा टाळावी.

धोक्याचे मापही सांगितले पाहिजे. युरोपातील तज्ज्ञांच्या २०१७ च्या अंदाजानुसार, २० ते ४४ वयाच्या, अर्धशिशी नसलेल्या आणि गोळी न घेणाऱ्या एक लाख स्त्रियांत वर्षाला सुमारे अडीच जणींना असा लकवा येतो. ऑरा आणि संप्रेरक गर्भनिरोधक दोन्ही असल्यास सुमारे ३७ जणींना. वाढ मोठी, पण मुळातला आकडा लहान. गोळीची भीती पसरवावी असे यात काही नाही. नको असताना आलेले गरोदरपणही बाईच्या जिवाला धोक्याचेच असते. आणि ऑरा असलेल्या बाईला संप्रेरकविरहित तांबी उपलब्ध आहेच.

अडचण एवढीच, की ऑरा ना रक्ताच्या तपासणीत दिसतो, ना रक्तदाबाच्या यंत्रावर. तो बाईला विचारूनच कळतो. वसा आणि अमिर्झा येथे तक्रार नसलेल्यांनाही तपासले, तसेच इथे डोकेदुखीची तक्रार न करणारीलाही विचारावे लागते : "बाई, डोकं उठायच्या आधी डोळ्यांपुढं काही चमकतं का?" 'डोकं दुखतं का' एवढेच विचारले, तर बहुतेक जणी 'हो' म्हणतील आणि कळणार काहीच नाही.

बारावीच्या जीवशास्त्रात गर्भनिरोधकांचा पाठ असतो. तो शिकवताना घरच्या दिनदर्शिकेचे एक पान वर्गात न्यावे. पाळी, पांढरी गोळी, लोहाची गोळी आणि डोकेदुखी यांच्या चार वेगळ्या खुणा काल्पनिक बाईसाठी तीन महिने मांडाव्यात, आणि कोणती खूण कोणत्या खुणेच्या आधी येते ते मुला-मुलींना शोधू द्यावे.