विक्रांत, विराट आणि भंगाराचा काटा

‘विक्रांत’विषयी आपल्या शाळांत जे सांगितले जाते ते बहुधा तीन वाक्यांत आटोपते. ती भारताची पहिली विमानवाहू नौका होती. १९७१ च्या युद्धात तिने पराक्रम केला. आणि अशा नौकेला आपण भंगारात काढले, केवढी ही कृतघ्नता! शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळांची भित्तिपत्रके आणि मुलांची पाठ केलेली भाषणे यांत आम्हांला ही वाक्ये थोड्याफार फरकाने वारंवार भेटतात. पहिली दोन बरोबर आहेत. तिसरे वाक्य टाळ्या मिळवते, पण विचार थांबवते, आणि आमचा आक्षेप त्याला आहे.

कृतघ्नता म्हणण्याआधी ही नौका आपल्याकडे आली कशी ते पाहावे लागेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला विमानवाहू नौका घाईने हव्या होत्या. म्हणून छोट्या नौकांचा एक आराखडा तयार झाला. त्यांचा सांगाडा पुष्कळसा व्यापारी जहाजांच्या पद्धतीने बांधायचा, म्हणजे युद्धनौका बांधण्याची सवय नसलेल्या गोद्यांनाही काम जमेल, असा हिशेब होता. त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकाव्यात अशी अपेक्षाच नव्हती. त्यांतली ‘हर्क्युलिस’ सप्टेंबर १९४५ मध्ये पाण्यात उतरली, तेव्हा युद्ध संपून गेले होते. सुमारे पाऊण काम झाले असताना १९४६ मध्ये बांधणी थांबली आणि ती नुसती पडून राहिली. तिच्या भावंडांपैकी काही ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाकडे गेली. १९५७ मध्ये भारताने ‘हर्क्युलिस’ घेतली, बेलफास्टच्या गोदीत ती पुरी करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती ‘विक्रांत’ या नावाने आपल्या नौदलात दाखल झाली.

मधली अकरा वर्षे वाया गेली असे मात्र नाही. त्याच काळात जेट विमाने आली. ती जड आणि वेगवान, त्यामुळे जुन्या सरळ धावपट्टीवर उतरताना चुकली तर पुढे उभ्या असलेल्या विमानांवर जाऊन आदळत. ब्रिटिश तंत्रज्ञांनी धावपट्टी नौकेच्या मध्यरेषेशी थोडी तिरपी केली. आता चुकलेले विमान पुन्हा वेग घेऊन समुद्रावर निघून जाऊ शकले. विमानाला पुढे भिरकावणारा वाफेचा कॅटापुल्टही त्यांनीच विकसित केला. या दोन्ही गोष्टी ‘विक्रांत’वर बेलफास्टमध्ये बसवल्या गेल्या. जुना सांगाडा आणि त्यावर नवी युक्ती, असा तो सौदा होता. आम्हांला तो शहाणपणाचा वाटतो.

पण जुन्या यंत्राची किंमत विकत घेताना पुरती चुकती होत नाही, ती पुढे हप्त्याहप्त्याने द्यावी लागते. १९७१ मध्ये ‘विक्रांत’च्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते. त्यामुळे तिचा वेग उतरला. एरवी ती ताशी सुमारे ४५ किलोमीटरने जाई. एका बॉयलरने एवढा काय फरक पडतो, असे मुले विचारतील. विमान उडते ते जमिनीच्या नव्हे तर हवेच्या सापेक्ष वेगावर. म्हणून नौका वाऱ्याच्या दिशेला तोंड करून जोरात पळते, आणि तिचा वेग व वाऱ्याचा वेग यांची बेरीज विमानाला फुकट मिळते. नौका मंदावली की ती बेरीज घटते. शिवाय कॅटापुल्टला लागणारी वाफही त्याच बॉयलरांतून येते. अशा अवस्थेत तिला बंगालच्या उपसागरात नेले गेले आणि ४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्यावरच्या ब्रिटिश बनावटीच्या सी हॉक विमानांनी चितगाव व कॉक्स बाजार येथे हल्ले केले. भाषणातला ‘पराक्रम’ हा शब्द या तपशिलाने खुजा होत नाही, उलट त्यात वजन येते. सापेक्ष वेगाच्या धड्यात आगगाडीची तीच ती गणिते घालण्यापेक्षा हे उदाहरण घ्यावे.

३१ जानेवारी १९९७ रोजी ‘विक्रांत’ निवृत्त झाली. पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून ती पाण्यातच ठेवली गेली. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने ते बंद झाले. राज्य सरकारला खर्च झेपेना, न्यायालयांत दाद मागूनही लिलाव टळला नाही, आणि २०१४ मध्ये ती ६० कोटी रुपयांना विकली जाऊन दारूखान्यात मोडली गेली.

आता हा ६० कोटींचा आकडा घ्या. गावोगावी सायकलवरून काटा घेऊन येणारा भंगारवाला मुरबाडच्या प्रत्येक मुलाच्या ओळखीचा असतो. लोखंडाचा भाव वेगळा, ॲल्युमिनियमचा वेगळा, पितळ आणि तांब्याचा तर फारच वेगळा, हे त्याला शिकवावे लागत नाही. ‘विक्रांत’चे वजन सुमारे १६,००० टन, म्हणजे १ कोटी ६० लाख किलो. भागाकार केला तर किलोला साडेसदतीस रुपये येतात. (हे वजन काट्यावर केलेले नाही. नौकेने बाजूला सारलेल्या पाण्याचे ते वजन, आणि त्यात माणसे व सामानही धरलेले असते. आर्किमिडीज येथे आपोआप वर्गात येतो.) म्हणजे इतिहासाची किंमत शून्य धरून निव्वळ धातूचा भाव लागला. यात राग येण्यासारखे आहे. पण भंगारवाल्याने इतिहासाचे पैसे द्यावेत, अशी अपेक्षा तरी कशी करावी?

ते पैसे १९९७ नंतरच्या पंधरा वर्षांत आपण द्यायला हवे होते. पोलाद खाऱ्या पाण्यात उभे ठेवले की गंज सुट्टी घेत नाही. नौकेच्या बुडाला जस्ताचे ठोकळे बसवतात. पोलादाऐवजी ते झिजतात, पण संपले की बदलावे लागतात. रंगही पुन्हा द्यावा लागतो. त्यासाठी अधूनमधून नौका कोरड्या गोदीत घ्यायची, आणि एवढी मोठी कोरडी गोदी चालू नौकांनाच पुरत नाही. तेव्हा ‘जतन करू’ अशी घोषणा करून नौका पाण्यात ठेवणे आणि दरवर्षीचा खर्च कोणी करायचा ते न ठरवणे, ही खरी चूक होय. लिलाव हा तिचा शेवटचा अंक होता.

‘विराट’च्या वेळी आपण यातून काही शिकलो असे दिसत नाही. ‘हर्मीस’ या नावाने १९५९ मध्ये ब्रिटिश नौदलात आलेली ही नौका १९८२ च्या फॉकलंड युद्धात लढली आणि १९८७ मध्ये आपल्याकडे आली. तिच्यावरच्या सी हॅरियर विमानांना ब्रिटनने २००६ मध्ये निरोप दिला, आपण २०१६ पर्यंत ती चालवली. ज्याने वस्तू बनवली त्यानेच ती सोडून दिली की सुटे भाग मिळणे दुरापास्त होते. दुसऱ्याच्या आराखड्यावर जगण्याचा हा भाग भाषणांत कधी येत नाही. मार्च २०१७ मध्ये ‘विराट’ निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. २०२० मध्ये ती ३८ कोटी ५४ लाखांना विकली जाऊन अलंगच्या किनाऱ्यावर चढवली गेली. जतनाचा अंदाज भंगाराच्या बावीस पट! वर्गात हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत आणि मुलांना बोलू द्यावे.

विशाखापट्टणमला ‘कुरसुरा’ ही रशियन बनावटीची पाणबुडी २००२ पासून लोक पाहतात. ती किनाऱ्यावर ओढून जमिनीवर ठेवली आहे, म्हणून टिकली. गोव्यात बोगमाळोच्या वाटेवरच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक आणि सी हॅरियर पाहायला मिळतात. विमान लहान, त्याच्या शरीरात ॲल्युमिनियम पुष्कळ, आणि ते जमिनीवर राहते. जतनाचा प्रश्न भावनेपेक्षा या साध्या गोष्टींनी अधिक सुटतो.

मोडण्यातूनही शिकता येते. ‘विक्रांत’चेच भावंड असलेली ऑस्ट्रेलियाची ‘मेलबर्न’ चीनने १९८५ मध्ये भंगार म्हणून घेतली आणि मोडण्यापूर्वी तिचा बारकाईने अभ्यास केला. आपल्याकडे ‘विक्रांत’च्या धातूचे एक स्मारकशिल्प जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत लायन गेटजवळ उभे राहिले, आणि तिचे पोलाद वितळवून मिसळलेल्या मोटारसायकलींची जाहिरातही झाली. त्या जाहिरातीवर आम्ही रागावत नाही, पण वितळलेल्या लोखंडाला आठवण नसते. त्यापेक्षा बॉयलरची एक नळी, बुडाच्या पत्र्याचा गंजलेला एक तुकडा जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांना मिळाला असता तर अधिक उपयोग झाला असता. आणि ज्यांनी गॅसच्या ज्योतीने हे पत्रे कापले त्या कामगारांविषयी भित्तिपत्रकांत एक ओळही नसते. वाफेवर चालणाऱ्या त्या काळच्या नौकांत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरत, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

शहापूरच्या शाळांना समुद्र दूर असला तरी पोलाद आणि पाणी दूर नाही. तानसा धरणातून मुंबईकडे निघालेले जाडजूड पोलादी नळ मुलांच्या पाहण्यातले असतात. ते रंगवलेले का असतात, येथून सुरुवात करावी. मग तीन पेले, तीन चकचकीत खिळे. एका पेल्यात गोडे पाणी, दुसऱ्यात मिठाचे, तिसऱ्यातही मिठाचेच. मात्र तिसऱ्या खिळ्याला जुन्या टॉर्चच्या सेलमधली जस्ताची पट्टी घासून, घट्ट गुंडाळावी. (सेल शिक्षकांनी उघडावा आणि आतली काळी पूड मुलांना हाताळू देऊ नये.) खिळे अर्धेच बुडतील असे दोऱ्याने टांगावेत, कारण पाण्याच्या रेषेपाशी गंज कसा धरतो तेही पाहायचे आहे. आठ दिवस रोज नोंद करावी. जस्तावर पांढरे किटण दिसू लागले की मुलांना विचारावे, ही पट्टी संपल्यावर नवी कोण बसवणार आणि तिचे पैसे कोठून येणार?